बोर्डाकडून उत्तर नाही

ज्योतीराम : आलं बघ. हिरवा दिवा लागला. आता लॅपटॉपशी बोलतोय का तुजा मोटरचा बोर्ड?

दिव्या : बोलतोय. वेग विचारला, सांगितला. फिर म्हटलं, मोटर फिरली. थांब म्हटलं, थांबली. सकाळपासून कसा शहाण्यासारखा वागतोय बघा.

ज्योतीराम : मंग तोंड का असं उतरलंय?

दिव्या : सोमवारी असा वागला नाही ना काका हा.

ज्योतीराम : ते सोमवारचं सोमवारी. आज गुरवार हाय. निरंजन साहेबाला बाराच्या आत कागद पायजे. मला सकाळी दोनदा बोलले.

दिव्या : कागद त्यांनी लिहूनच ठेवलाय. मला नुसती सही करायचीय. वाचू? ऐका. 'सोमवारी सकाळी पावणेदहा वाजता पॅकिंग लाइनवरील कंत्राटी कामगार श्रीमती पुनम बाळू साकोरे यांनी स्क्रीनवरील थांबा हे बटण न दाबता, चालत्या पट्ट्यात अडकलेला खोका काढण्यासाठी रोलरजवळ हात नेला. त्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. आमच्या कंपनीने बसवलेल्या कन्व्हेयरचा मोटर कंट्रोल तपासला असता त्यात कोणताही दोष आढळला नाही.'

ज्योतीराम : तपासला असता.

दिव्या : हो. तपासणारी मी. खाली माझं नाव आहे, डिझाइन इंजिनिअर म्हणून. त्याखाली तुमचं.

ज्योतीराम : माजं कशापायी?

दिव्या : वायरिंग तुम्ही केलंत ना.

ज्योतीराम : व्हय, केलं. तीस वर्सं वायरिंग करतोय, आजवर कुनी कागदावर नाव घातलं न्हवतं. आन घातलं ते आसल्या कागदावर.

दिव्या : तुम्ही तिला ओळखता का काका? पुनमला?

ज्योतीराम : तिची सासू कुशाबाई, आमच्याच गावची. जमीन गेली तवापासून घरातली समदी कंपनीत. पोर हुशार हाय, तोंडाची जरा तिखट. ऑपरेशनला न्यायच्या आदी सासूला म्हनली म्हनं, 'आत्या, मी बटन दाबलं व्हतं, पट्टा थांबलाच न्हाई.' सुपरवायझर म्हनतो खोटं बोलती. बटन दाबल्यावर मशीन थांबत न्हाई असं कंदी व्हतं का?

दिव्या : होतं.

ज्योतीराम : कसं काय?

दिव्या : स्क्रीनवरचं बटण म्हणजे खरं बटण नसतंय हो. ते दाबलं की लॅपटॉप बोर्डाला निरोप पाठवतो, थांब म्हणून. बोर्ड मोटर थांबवतो आणि उलट कळवतो, थांबलो म्हणून. मधे बोलणं तुटलं तर निरोप पोचतच नाही. बोर्डाला माहीतच नाही कुणी काही दाबलंय ते.

ज्योतीराम : आन तुजं म्हननं, सोमवारी बोलनं तुटलं व्हतं.

दिव्या : मला तसं वाटतंय. पण दाखवता आलं पाहिजे ना. तीन दिवस झाले, हा टेबलावर एकदाही तुटला नाही. केबल बदलली. पोर्ट बदलला. बोलायचा वेग कमी केला, वाढवला. सॉफ्टवेअर काढून परत घातलं. काल तर घरी घेऊन गेले होते, पिंपळे गुरवला. जेवणाच्या टेबलावर ठेवून तास तास बघत बसले. काही नाही. एकदासुद्धा नाही.

ज्योतीराम : तू त्येला घरी नेलास, हितं ठिवलास. तितं त्याच्या शेजारी काय व्हतं त्ये बघितलंस का?

दिव्या : म्हणजे?

ज्योतीराम : अगं, मी बसवाया गेलो व्हतो ना. मशीनच्या मागं भिंत. भिंतीला लागून त्यांचा हवेचा कॉम्प्रेसर. चांगला मोठा. आन आपल्या मशीनला लाइन कुठून घेतली? त्याच प्लगच्या पट्टीवरनं. दुसरी जागाच दिली न्हाई त्यांनी. कॉम्प्रेसर चालू झाला की वरची ट्यूब लुकलुकायची, येवढा धक्का बसायचा लाइनला.

दिव्या : काका, हे तुम्ही आत्ता सांगताय?

ज्योतीराम : तू केबल केबल करत व्हतीस. मला वाटलं, कॉम्पुटरचं काम हाय, आपन कशाला तोंड घाला.

दिव्या : आपला कॉम्प्रेसर कुठंय? पेंटिंगवाल्यांकडं?

ज्योतीराम : चाकं हायेत त्याला. थांब, आनतो.

दिव्या : मी येते. एकटे नका ओढू.

ज्योतीराम : सरक, सरक. पाय सांभाळ. हितं लाव प्लग, बोर्डाच्याच पट्टीत. आता मी टाकीतली हवा सोडतो. हवा कमी झाली की आपोआप चालू व्हईल. तू पडद्याकडं बघ.

दिव्या : बघतेय. सोडा.

ज्योतीराम : सोडली. आता... झाला चालू.

दिव्या : काही नाही. बोलतोय अजून.

ज्योतीराम : एकदानं काय व्हतंय. परत. झाला चालू.

दिव्या : नाही.

ज्योतीराम : परत.

दिव्या : थांबा थांबा थांबा. गेला. 'बोर्डाकडून उत्तर नाही.' गेला काका!

ज्योतीराम : हिरवा दिवा तर लागलेलाच हाय की.

दिव्या : तो नुसता वीज आहे म्हणून लागतो. बोलणं तुटलंय. बघा, वेग विचारतेय, उत्तर नाही. परत विचारतेय, नाही. परत करा. आणखी दहा वेळा करा.

ज्योतीराम : दम धर जरा. टाकी भराया येळ लागतो... हं. झाला चालू.

दिव्या : परत गेला. थांबा, लिहून ठेवते.

ज्योतीराम : तीन येळा गेला, सात येळा ऱ्हायला.

दिव्या : दहातून तीन. आता मोटर फिरवून बघू. रोलर लावा त्याला. त्या फटीत पुठ्ठा धरा, लांबून. चिमट्यानं धरा, हातानं नको.

ज्योतीराम : हातानं कोन धरतंय. चालव.

दिव्या : चालवली. हवा सोडा.

ज्योतीराम : सोडली. चालू झाला.

दिव्या : ठीक आहे अजून. परत.

ज्योतीराम : चालू झाला.

दिव्या : तुटलं. मी थांबा दाबतेय. दाबलं. परत दाबलं. काका, मी दाबतेय.

ज्योतीराम : फिरतीया. पुठ्ठा आत घेतला की तिनं! दाब की!

दिव्या : दाबतेच आहे! प्लग काढा, प्लग!

ज्योतीराम : काढला. काढला. बस खाली. पानी पी.

दिव्या : तिनं दाबलं असेल काका. ती खोटं बोलत नाहीये.

ज्योतीराम : पुठ्ठा हाय, तरी बघवत न्हाई. कसा चुरगाळला बघ.

दिव्या : ठेवा तो. टाकू नका.

ज्योतीराम : एक इचारू का? मी काय शिकलेला न्हाई. पर आपल्या गावच्या पिठाच्या गिरनीत बी पट्टा सुटला की मोटर बंद व्हायची सोय असती. मंग ह्या येवढ्या परदेशी बोर्डात, बोलनं तुटलं तर आपलं आपन थांबायचं, येवढी अक्कल दिलेली नसती व्हय?

दिव्या : असती.

ज्योतीराम : असती म्हंजी?

दिव्या : बोर्डात ती सोय आहे. एक आकडा भरायचा असतो. पाव सेकंद लॅपटॉपचा आवाज आला नाही, तर मोटर बंद. मी भरला होता. मग काढला. शून्य केला. शून्य म्हणजे वाट बघत बसू नको, शेवटचं जे सांगितलं होतं तेच करत राहा.

ज्योतीराम : कवा?

दिव्या : जूनमध्ये. पुनमच्या कंपनीतले लोक मशीन बघायला आले होते ना, त्या दिवशी. मशीन पेंटिंगवाल्यांजवळ उभी होती, तासाभरात अकरा वेळा थांबली. त्यांच्यातला एक जण हसला, म्हणाला, तुमच्या मशीनला दम लागतो का. सर माझ्याकडं बघत होते. मी लॅपटॉप घेतला, शून्य केलं. नंतर एकदाही थांबली नाही. सगळ्यांनी हात मिळवले माझ्याशी.

ज्योतीराम : आन मंग परत करायचं ऱ्हाऊन गेलं.

दिव्या : राहून गेलं म्हणाले असते, तुम्हीपण मानलं असतं. राहून नाही गेलं काका. रोज आठवायचं. बसनं घरी जाताना आठवायचं. आधी बोलणं का तुटतंय ते शोधू, मग आकडा परत भरू, असं म्हणायचे. नंतर मशीन तिकडं गेली. चालतेय म्हणाले. चालतेय म्हटल्यावर कोण हात लावतंय.

ज्योतीराम : म्हंजी तीन दिस तू बोर्डातला दोष हुडकत न्हवतीस.

दिव्या : हुडकतच होते. बोर्डच खराब निघावा म्हणून हुडकत होते. एखादी चिप जळलेली, एखादा टाका सुटलेला. म्हणजे कुणाचंच काही नाही. परत पाठवायचा आणि दुसरा मागवायचा.

ज्योतीराम : रडू नगस. ऐक. मीबी सांगतो आता. लाल बटन, तातडीचं, सरळ वीज तोडनारं, माज्याकडं एकच व्हतं. ते मी मोटरच्या अंगाला लावलं, वायर कमी लागती म्हनून. मानूस हुबं ऱ्हानार दुसऱ्या टोकाला, मला दिसत व्हतं. साहेबाला म्हनलो, आनखी एक मागवा. म्हनले, येईल पुढच्या लॉटमधी. मी बरं म्हनलो. भांडलो न्हाई. पुनमचा हात आत गेला तवा शेजारची पोरगी पळत येऊन त्या टोकाला पोचली, मंग मशीन थांबलं. किती पावलं असतील? बारा? त्या बारा पावलांत बोटं गेली.

दिव्या : तुम्ही मला हे आधी का नाही बोललात?

ज्योतीराम : तू बोललीस का?

दिव्या : नाही.

ज्योतीराम : मंग.

दिव्या : काका, आणखी एक आहे. हा तोच लॅपटॉप आहे. मशीनजवळचा. यात एक फाइल असते. लॅपटॉपनं बोर्डाला काय सांगितलं, बोर्ड काय म्हणाला, सगळं वेळेसकट लिहिलेलं असतं.

ज्योतीराम : सोमवारचंबी?

दिव्या : असणार.

ज्योतीराम : आन बघितलं न्हाईस?

दिव्या : उघडलीच नाही. तीन दिवस तिच्या शेजारच्या सगळ्या फाइली उघडल्या.

ज्योतीराम : उघड.

दिव्या : तुम्ही इथंच थांबा.

ज्योतीराम : हितंच हाय. कुटं जातोय.

दिव्या : सोमवार. नऊ चाळीस... नऊ त्रेचाळीस, ठीक आहे. नऊ चव्वेचाळीस आणि वीस सेकंद, बोर्डाकडून उत्तर नाही. चव्वेचाळीस सव्वीस... थांबा. उत्तर नाही. चव्वेचाळीस सत्तावीस, थांबा. उत्तर नाही. एकोणतीस, थांबा. थांबा. थांबा. काका, पाच वेळा.

ज्योतीराम : पाच.

दिव्या : पहिल्या दोन वेळा सावकाश आहेत. नंतरच्या तीन एकाच सेकंदात.

ज्योतीराम : म्हंजी दोनदा दाबलं, थांबलं आसंल म्हनून हात घातला. आन मंग दुसऱ्या हातानं...

दिव्या : नका बोलू.

निरंजन : काय चाललंय दोघांचं? कॉम्प्रेसर इथं कशाला आणलाय? पेंटिंगचं काम थांबलंय तिकडं. दिव्या, सही झाली का? दोन वेळा फोन आला मला त्यांचा.

दिव्या : सर, बसा. तुम्हाला दाखवायचंय.

निरंजन : बसायला वेळ नाहीये गं. दाखव पटकन. काय, सापडलं काही?

दिव्या : कॉम्प्रेसर चालू झाला की बोर्ड आणि लॅपटॉपचं बोलणं तुटतं. लाइनमधल्या धक्क्यानं. बोलणं तुटलं की मोटर थांबत नाही, फिरतच राहते. आत्ता आम्ही करून बघितलं. आणि ही सोमवारची फाइल. तिनं पाच वेळा थांबा दाबलंय.

निरंजन : पाच वेळा.

दिव्या : वेळ बघा ना सर. पावणेदहाला अर्धा मिनिट कमी.

निरंजन : ही फाइल अजून कुणी बघितलीय?

ज्योतीराम : आमी दोघांनी.

निरंजन : तुम्हाला नाही विचारलं, ज्योतीराम. बरं. दिव्या, नीट ऐक. तू घाबरलीयेस, मला कळतंय. पण हा रिपोर्ट आपण त्या कंपनीला देतोय, कोर्टाला नाही. तिची काळजी कंत्राटदार घेईल. बोलणं झालंय माझं.

दिव्या : चूक तिची ठरली तर कंत्राटदार काय काळजी घेणार, सर? तिला परत कामावर पण घेणार नाहीत.

निरंजन : आणि आपली ठरली तर? इथं बावीस माणसं आहेत. चाळीस मशीनची ऑर्डर त्यांच्याकडून यायचीय. ती गेली तर दिवाळीनंतर हे शेड बंद. मी धमकी देत नाहीये, आहे ते सांगतोय. मीसुद्धा तीन रात्री झोपलो नाहीये.

दिव्या : मला माहितीये.

निरंजन : आणि ही मोटर थांबत नाही म्हणजे काय? बोलणं तुटलं की थांबायला पाहिजे. एवढं बेसिक आहे. ते का नाही होत?

दिव्या : मी ते बंद केलं होतं. जूनमध्ये, डेमोच्या दिवशी.

निरंजन : काय?

दिव्या : तुम्हाला मेसेज केला होता त्याच संध्याकाळी. 'टाइमआउट शून्य केलाय, साइटवर पाठवायच्या आधी परत करावा लागेल.' तुम्ही अंगठा पाठवला होता.

निरंजन : अंगठा मी सगळ्यांनाच पाठवतो! दिवसाला दोनशे मेसेज येतात मला. टाइमआउट म्हणजे काय हे मला थोडंच... म्हणजे आता तू हे माझ्यावर ढकलणार.

दिव्या : नाही सर. तुमच्या अंगठ्यावर नाही ढकलत. तुम्हाला कळत नव्हतं, मला कळत होतं. चूक माझीच लिहिणार आहे मी.

ज्योतीराम : आन लाल बटनाची माजी.

निरंजन : तुम्ही दोघं वेडे झाला आहात का? आणि बोर्ड? तो तर फक्त टेबलावर तपासायचा बोर्ड आहे, डब्यावरच लिहिलंय तसं. तो मशीनमध्ये कुणी बसवला हे पण लिहा मग! खरा बोर्ड यायला सहा आठवडे होते, मी म्हटलं, तोवर हाच लावा. लिहा ना.

ज्योतीराम : साहेब, आवाज खाली. बाहेर पोरं ऐकतायत.

निरंजन : ऐकू दे.

ज्योतीराम : मला येकच सांगा. अशा मशिनी आपन चार दिल्या. एक बंद हाय, बोटं घेऊन. बाकीच्या तिनींचं काय? एक रांजनगावला हाय, दोन तळेगावला. आज, आत्ता, साडेअकराला चालू असतील. त्यांच्यात बी शून्यच हाय का गं?

दिव्या : हो. एकच प्रोग्राम आहे चारींना.

ज्योतीराम : तितंबी कुनीतरी पोर हुबी असंल, साहेब. खोका अडकला की बटन दाबंल. थांबलं आसंल म्हनून हात घालंल.

निरंजन : रणजीत कुठंय?

दिव्या : सर्व्हिसला गेलाय. तळेगावलाच आहे आज.

निरंजन : फोन लाव त्याला. स्पीकरवर नको, माझ्याकडं दे... रणजीत, निरंजन बोलतोय. आपल्या दोन्ही मशीन बंद कर. नाही, आत्ता. शिफ्ट संपायची वाट बघू नको. मेन स्विच खाली, आणि वर पाटी लाव. रांजणगावला त्यांच्या मेंटेनन्सला तू फोन कर, मी पण करतो... काय? कारण? कारण सांग की... जे आहे ते सांग. मोटर न थांबण्याची शक्यता आहे. हो. असंच सांग. माझं नाव सांग.

ज्योतीराम : पानी घ्या, साहेब.

निरंजन : नको. दिव्या, रिपोर्ट तू लिही. तुला जो लिहायचाय तो. मी त्यावर सही करणार नाहीये. वकिलाला विचारल्याशिवाय मी काहीच करणार नाही, मला तेवढं धाडस नाहीये. पण मेल तुझ्याकडून गेला तर मी अडवणार नाही. आणि मेल गेल्यावर घरी जा. मी सांगेपर्यंत येऊ नको.

दिव्या : काढून टाकताय का?

निरंजन : माहीत नाही मला. आत्ता मला काहीच माहीत नाही.

ज्योतीराम : माजी सही कुटं करायची ती दाव गं. आन माज्या नावापुढं लिव, लाल बटन येकच व्हतं आन ते चुकीच्या टोकाला व्हतं. मराठीत लिव. मला वाचता आलं पायजे.

(शनिवार, दुपार. चाकणच्या एका हॉस्पिटलमधला बायकांचा वॉर्ड. दिव्या एकटी आली आहे.)

पुनम : तुमी कोन? कंत्राटदाराकडनं आला असाल तर मी काय सही करायची न्हाई. आन करायची म्हनलं तरी हात कुठंय.

दिव्या : नाही, मी कंत्राटदाराकडची नाही. माझं नाव दिव्या. तुमच्या लाइनवरचा कन्व्हेयर आमच्या कंपनीनं बसवलाय. त्याची मोटर चालवायचं काम माझं होतं.

पुनम : मॅडम का! बसा. त्या स्टुलावर बसा, खुर्ची मोडकी हाय. आत्या आत्ताच घरी गेल्या, पोरीला बघाया.

दिव्या : किती वर्षांची आहे?

पुनम : सा वर्सं पुरी झाली. वेनी घालायची शिकतीया मी डाव्या हातानं. उशीच्या दोऱ्या घेऊन. जमत न्हाई अजून, सुटती.

दिव्या : दुखतंय का खूप?

पुनम : गेलेली बोटं दुखतात. नर्स म्हनती, तसं व्हतं म्हनं. मॅडम, मी माफी मागाया पायजे का तुमची? तुमच्या मशीनला बट्टा लागला. सुपरवायझर सर म्हनले, तुज्यामुळं समद्यांची लाइन बंद पडली.

दिव्या : नका असं बोलू. मी तेच सांगायला आलेय. पुनम, तुम्ही बटण दाबलं होतं.

पुनम : कुनाला म्हाईत. पैल्या दिवशी मला पक्कं वाटत व्हतं. मंग सर म्हनले न्हाई दाबलंस. नवरा म्हनला, घाईत ऱ्हायलं असंल, कबूल कर आन मोकळी व्हो. आत्या म्हनत्यात, माजा इस्वास हाय तुज्यावर, पर त्याबी बोलताना खाली बघत्यात. आता डोळं मिटलं की मला दिसतं, मी दाबलंच न्हाई. तसंच दिसतं. सरळ हात घालतीया.

दिव्या : दाबलं होतं. मशीनजवळच्या लॅपटॉपमध्ये लिहिलेलं आहे, वेळेसकट. मी कागद आणलाय. आधी दोनदा दाबलंत. मशीननं ऐकलं नाही. मशीनचं चुकलं. म्हणजे माझं चुकलं. एक सोय असते, असं झालं की मोटर आपोआप थांबायची. ती मी बंद करून ठेवली होती. मशीन सारखी थांबते म्हणून. लोक हसले म्हणून.

पुनम : तुमी बंद केली व्हती.

दिव्या : हो.

पुनम : ठावं असून?

दिव्या : ठावं असून. असं कुणाला होईल हे मनात यायचं, आणि मी ते बाजूला सारायचे.

पुनम : हे तुमी तितं सांगितलंय? कंपनीत?

दिव्या : लिहून दिलंय. काल तुमच्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरचा फोन आला होता. त्यांच्या रिपोर्टमधली कामगाराची चूक, ही ओळ त्यांनी काढलीय. पुढं काय होईल ते मला नाही सांगता येत. चौकशी होईल म्हणाले. तुमच्या बाजूनं बोलायला लागलं तर मी येईन, ज्योतीराम काका येतील.

पुनम : तुमची नोकरी?

दिव्या : घरी बसवलंय सध्या.

पुनम : हं.

दिव्या : मला तुमच्याकडून काही नको आहे. तुम्ही शिव्या दिल्यात तरी चालेल.

पुनम : शिव्या येतात मला. पर आत्ता तोंडात येत न्हाईत. त्यो कागद हितं ठिवा. आसा न्हाई, उलगडून. कुठं लिवलंय? बोट ठिवा त्या ओळीवर.

दिव्या : ही. आणि ही.

पुनम : आत्यांना वाचता येत न्हाई. माजा नवरा वाचंल. त्यालाच मोठ्यांदी वाचाया लावनार हाय मी, समद्यांच्या म्होरं.

दिव्या : मी थांबू का ते येईपर्यंत? मी सांगते त्यांना.

पुनम : नगं. तुमी जावा आता.

दिव्या : बरं.

पुनम : राग आलाय म्हनून न्हाई. म्हंजी आलाय. राग येनारच. पर त्यापायी न्हाई... मला जरा रडायचंय. पाच दिस झालं, आपलीच चूक म्हनून रडायचीबी लाज वाटत व्हती. जाताना तेवढा पडदा ओढा.